पुलापलीकडचं स्वस्त पेट्रोल

स्वस्त पेट्रोलसाठी आपल्या न्यू जर्सी राज्यातले सगळे पंप पालथे घालून कार्माइन अखेर पूल ओलांडून शेजारच्या डेलावेअर राज्यात आला. पेट्रोल स्वस्त होतं, पण रांग ढिम्म हलेना. टाकी तळाला गेलेली आणि तिकडे चर्चमध्ये लेक लग्नासाठी खोळंबलेली. चडफडत तो पहिल्या गाडीपाशी गेला. आत एक म्हातारा काच उतरवून, कार्ड बाहेर धरून निवांत बसला होता.

"आजोबा, भरा की पेट्रोल!"

"मी? आमच्या जर्सीत स्वतः भरायला कायद्याने बंदी आहे. पंपावरचा माणूस येऊन भरतो."

"हे डेलावेअर आहे. इथं ज्याचं त्यानंच भरायचं."

"मग दाखव बघू कसं ते."

कार्माइनने नळीकडे पाहिलं. मग मागच्या रांगेकडे पाहिलं. सगळ्या गाड्या जर्सीच्या, सगळ्यांच्या काचा खाली.

"बसा आजोबा," तो म्हणाला, "येईलच इतक्यात माणूस."