नळ बंद केला होता का?

घर सोडून दोन वर्षं झाली, तरी प्लंबरच्या बायकोने नव्या खोलीत एकही खोकं उघडलं नव्हतं. "निघताना तुम्ही नळ चालूच ठेवलात. आधी तो बघून येऊ, मग मांडते संसार," हे तिचं रोजचं पालुपद.

"अगं, गावभरचे नळ बंद करणारा मी, घरचा उघडा ठेवीन?" प्लंबर कळवळून म्हणायचा. पण बायकोच्या शंकेला वॉशर बसवता येत नाही.

शेवटी त्याने मेहुण्याची मासेमारीची होडी मागून आणली. घर रिकामं करायच्या नोटिशीत घराचे अक्षांश-रेखांश छापलेले होते. ते त्याने होडीवरच्या जीपीएसमध्ये टाकले आणि बायकोला पुढे बसवून निघाला. तासाभराने यंत्राने शिट्टी दिली आणि पडद्यावर 'पोहोचलात' अशी अक्षरं उमटली. प्लंबरने इंजिन बंद केलं. नजर जाईल तिथवर धरणाचं पाणी पसरलं होतं, आणि घर होडीच्या बरोबर खाली होतं, ऐंशी हातांवर.

बायकोने चारही बाजूंना सावकाश पाहून घेतलं.



"बघा! सांगत होते ना? चालूच राहिला."