वर सरकवलेला विराम

"विराम पडलेत तिथेच राहू दे, हलवू नकोस," आमच्या चर्चच्या गायनमंडळाचे भिंगारदिवे सर म्हणाले होते.

"मी अख्खं बाळ सांभाळते, सर. एक विराम नाही सांभाळता येणार?"

मंडळाच्या गाण्यांचे कागद मी छापते; माझ्या सॉफ्टवेअरमध्ये नोटेशन, म्हणजे सुरांची लिपी, टाइप करायचं असतं. विरामाची, म्हणजे गाताना थांबायची, खूण शब्दांवर येत होती; ती वर सरकवायची, तर उंच सुराचं अक्षर लिहून त्यापुढे 'रेस्ट' लिहायचं. मांडीवरची लेक काय चघळतेय ते बघताना माझं 'रेस्ट' राहिलं. उरला नुसता सूर, आणि तसाच छापला गेला.

ईस्टरला त्या जागी सगळे सवयीने थांबले. कागदावर बोट ठेवून गाणाऱ्या माझ्या सासूबाई तेवढ्या कडाडल्या. डुलकी लागलेले पाळकसाहेब 'आमेन' म्हणत उभे राहिले. लेकीनं भोकाड पसरलं.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी मला चक्क मिठी मारली. "माझ्या एकटीसाठी खास जागा ठेवलीस गं! नाताळला प्रत्येक गाण्यात ठेव हं."

मी मान डोलावली. मागे उभ्या सरांनी ते ऐकलं. पियानोच्या खोलीत जाऊन त्यांनी आतून कडी लावलीय. माझ्या कडेवर लेक, शेजारी सासूबाई. तुम्ही जरा दार वाजवून बघता का?