पाच मोजेपर्यंत

"लघवी अडवताना आवळतो ना, तसं आतून आवळा. वर ओढा. पाच मोजा, मग सोडा. श्वास मात्र कोंडायचा नाही," व्यायाम शिकवणारी बाई सांगत होती.

बाळंतपणापासून अंग, म्हणजे गर्भाशय, खाली उतरतंय, असं सून म्हणाली होती. "आई, एकटीला लाज वाटते, चला ना!" म्हणत तिने सासूलाही ओढून आणलं. शिकवणी सुरू होण्याआधी सून आणि ती बाई पडद्याआड अर्धा तास कुजबुजत होत्या.

सासू एका मांडीवर भार देऊन बसली होती. तिचं स्वतःचं अंग सात वर्षं उतरत होतं. कुणाला सांगणार? सांगण्यासारखं दुखणं का ते! गणवेशांच्या कारखान्यात ती दिवसभर उभ्याने कापड कापायची. दुपारनंतर खाली काहीतरी लोंबतंय असं वाटायचं आणि स्टूल ओढावं लागायचं. मुकादम म्हणालाच होता, "मावशी, उभं राहवत नसेल तर टेबल दुसऱ्याला देऊ." हातातली कात्री गेली तर ती जगणार कशी, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

"साठीनंतरही गुण येतो का हो?" सुनेने विचारलं.

"येतो की! तीन महिने नेटाने केलं तर बऱ्याच जणींना येतो," बाई सासूकडे बघत म्हणाली.

घरी सून म्हणायची, "आई, तुम्ही मोजा, माझं चुकतं." सासू मोजायची आणि मोजता मोजता गुपचूप स्वतःही आवळायची. दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा. मधेच सून भरलेली बादली उचलायची.

"अगं, जड उचलू नको म्हटलंय ना!"

"अगंबाई, विसरलेच!" सून जीभ चावायची.

तिसऱ्या महिन्यात नवलच झालं. सुटीची घंटा वाजली तरी सासू टेबलाशी उभीच होती. स्टुलाची आठवणसुद्धा झाली नव्हती. बघणाऱ्याला दिसतही नाही असला व्यायाम, आणि त्यात केवढी ताकद! तिचे डोळे भरून आले.

ठरल्या दिवशी दोघी पुन्हा गेल्या. बाईने पहिल्या दिवशीचा कागद काढला. "चला आत, तपासून बघू."

"जा गं," सासू म्हणाली.

सून जागची हलली नाही. बाईने कागद सासूपुढे सरकवला. वर सासूचं नाव होतं, वय बासष्ट. खाली सुनेचं अक्षर: 'मला काही झालेलं नाही. त्रास आईंना आहे, पण त्या मरतील तरी सांगणार नाहीत.'