खोक्यातली ट्रॉली

वैजयंतीनं ट्रॉलीचा दांडा घट्ट धरला होता आणि मल्लेश लांब काठीचा ब्रश तिसऱ्या मजल्याच्या काचेवर फिरवत होता. नवी पेठेतली दुकानं अजून उघडायची होती. ट्रॉलीवरच्या टाकीतलं पाणी मोटार वर ढकलायची, नळीतून ते ब्रशापर्यंत जायचं आणि काच धुतली जायची. काम वर चालायचं, माणसं खाली उभी.

"नळीला पीळ पडू देऊ नका, वैनी," मल्लेश वर बघतच म्हणाला. "पानी तुटलं की काचंवर डाग ऱ्हातोय."

तिनं नळी सरळ केली. तिचा हा कामाचा पहिलाच आठवडा होता. मल्लेश तिच्या नवऱ्याचा, अमृतचा, कामातला जोडीदार. गेल्या दिवाळीच्या तोंडावर अमृत होटगी रस्त्यावरच्या एका इमारतीच्या काचा दोरावर लटकून पुसत होता आणि पाचव्या मजल्यावरून खाली आला. दिवसकार्य उरकल्यावर ठेकेदार पृथ्वीराज स्वतः घरी आले. "अमृतची जागा तुमची," म्हणाले. सगळ्या गल्लीनं त्यांना देवमाणूस म्हटलं. तिनंही म्हटलं.

आत्ता पृथ्वीराज शोरूमच्या दारात तिथल्या मालकांशी, मृत्युंजयअण्णांशी, बोलत होते. अण्णांना वर्षभराचं काम त्यांच्याकडं द्यायचं होतं, पण मनातली धास्ती जात नव्हती.

"सगळं खरं हो, पण आमच्या दारात कुणी पडायला नको."

"अण्णा, वर चढायचा प्रश्नच येत नाही की! बघा ना, दोघंही खाली आहेत. दोन वर्षं झाली ही ट्रॉली घेऊन. खास मागवलेली."

वैजयंतीनं मोटार बंद केली. कोरडा ब्रश काचेवर करकरला. मल्लेशनं खाली पाहिलं.

"मालक," ती म्हणाली, "दोन वर्सं?"

पृथ्वीराज वळले. ती तिथं उभी आहे हे त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

"म्हणजे... घेतली होती. चालत नव्हती. बिघाड होता."

"बिघाड कसला?" मल्लेशच्या तोंडून निघून गेलं. "खोकंच फोडलं न्हवतं. ह्यानं दोन दिस लागत्यात, दोरानं एका दिसात हुतंय, म्हनून गोदामात ठिवली हुती."

बोलला आणि त्याचं त्यालाच कळलं. काठी हातात तशीच उभी राहिली.

अण्णा आत गेले. पृथ्वीराजांनी आवाज खाली आणला. "काम आटपा आधी. नंतर बोलू."

वैजयंतीनं नळी टाकीपासून सोडवली. चाकाखालची वीट पायानं बाजूला केली आणि ट्रॉली रस्त्याकडे वळवली.

"वैनी, कुटं?"

"चौकीत."

भरल्या टाकीची ट्रॉली जड होती. तिनं ती एकटीनं ढकलत नेली. पाणी आत डुचमळत होतं. एक-दोन रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवले, मग तिचा चेहरा बघून बाजूनं गेले.

हवालदारानं आधी ट्रॉलीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "काय, सापडलंय का कुठं?"

"न्हाय. दावायला आनलंय."

तिनं सगळं सांगितलं. अमृत कसा पडला ते तिनं न थांबता सांगितलं. ट्रॉली तेव्हा गोदामात होती, हे सांगताना मात्र तिनं दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली. हवालदारानं प्यायला पाणी दिलं. माणूस वाईट नव्हता.

"ताई, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मल्लेशनं. आत्ता, समद्यांम्होरं."

तेवढ्यात मोटारसायकल येऊन थांबली. पुढं पृथ्वीराज, मागं मल्लेश.

हवालदारानं मल्लेशलाच विचारलं, "काय रे, हे यंत्र दोन वर्षं खोक्यात होतं का?"

मल्लेश स्वतःच्या हातांकडं बघत राहिला. पाण्यानं बोटं पांढरी पडली होती.

"मला न्हाय ठावं, सायेब."

"आत्ता तू बोललास म्हणतात."

"मी तसं काय बोललो न्हाय."

वैजयंती तो वर बघेल म्हणून थांबली. दवाखान्यात नेताना अमृतचं डोकं ह्याच्याच मांडीवर होतं. तो वर बघेना.

"माझी वस्तू उचलून आणली," पृथ्वीराज हवालदाराला म्हणाले, "तरी मी तक्रार करत नाही. बाईमाणूस आहे, दुःखात आहे." मग तिच्याकडं वळले. "उद्यापासून येऊ नका."

मोटारसायकल निघून गेली. अर्धं काम राहिलं होतं, ट्रॉली परत न्यायला मल्लेश मागं राहिला.

ती चौकीच्या पायरीवर उभी होती. दुकानं उघडली होती, पेठ भरू लागली होती. मल्लेश ट्रॉली ढकलत थोडा पुढं गेला आणि पुढचं चाक गटाराच्या फुटक्या फरशीत अडकलं. त्यानं मागं ओढून पाहिलं, खांदा लावून पाहिला. मागं रिक्षा तटल्या, हॉर्न सुरू झाले, कुणीतरी शिवी दिली. एकट्यानं निघण्यासारखं नव्हतं ते. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. चौकीच्या बाजूला मात्र पाहिलं नाही.

वैजयंती पायरी उतरली. तिनं पदर खोचला आणि टाकीच्या दुसऱ्या बाजूला हात घातला.

मल्लेश पुटपुटला. "वैनी, माजी पोरं लहान—"

"उचला, भावजी," ती म्हणाली.