दमदार

"जिन्यावरून गडगडत आली," म्हणत नवऱ्याने बायकोला दवाखान्यात आणलं. दंडाचं हाड मोडलेलं, ओठ फाटलेला. ऑपरेशननंतर न्यूमोनियाचा धोका कितपत आहे ते बघायला भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी तिला छातीभर श्वास घेऊन रोखून धरायला सांगितलं. घड्याळाचा काटा फिरत राहिला, पण ही काही श्वास सोडेना.

"बास, बास! फुप्फुसं भलतीच दमदार आहेत हो तुमची. पोहता की काय?"

"ही कसली पोहतेय! बादलीभर पाण्याला भिते," नवरा खो खो हसला आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेला.

दार लागल्यावर ती हळूच म्हणाली,


"हे पट्टा घेऊन घरभर शोधतात ना, तेव्हा मी कपाटात असते."