सरकवलेली खुंटी

मावळतीला पवनचक्कीची सावली हौसाकाकींच्या अंगणात शिरली आणि फिरत्या पात्यांनी भिंतीवर उजेड-अंधाराची उघडझाप सुरू केली. काकींनी सवयीनं डोळ्यांवर पदर ओढला.

शेजारच्या सर्जेरावानं काकींच्या ओट्यावर बसल्या बसल्या नजर चुकवली. ही पवनचक्की उभी राहण्याआधी सर्वेवाल्यांनी तिच्या जागेची खुंटी त्याच्याच घरामागं ठोकली होती. त्यांना कोंबडं खाऊ घालून त्यानं ती काकींच्या बाजूला सरकवून घेतली होती.

"काकी, जुन्या काढून दुप्पट उंचीच्या पवनचक्क्या बसवणार हायेत. जागा मलाच दाखवायला सांगितलीया."

"मग हितंच दाखव की," काकी म्हणाल्या. "मला सवय झालीया. तुझ्या घरात तान्हं लेकरू हाय, त्याला हे सोसायचं न्हाई."

हेच काकींच्या गळी उतरवायला सर्जेराव आला होता. आता त्याला ओट्यावरून उठवेना.