हाताची सवय

उंदराच्या यकृतातून काढलेल्या, काचेच्या बशीतल्या पेशी जिवंत होत्या, पण साखर सोडत नव्हत्या. रक्तवाहिन्या आवळणारं संप्रेरक घातलं, की यकृताच्या पेशींनी साठवलेली साखर बाहेर टाकायला हवी.

"संप्रेरक जुनं असेल, सर," वृंदा म्हणाली.

"कालच नवी कुपी फोडलीय. उंदीर पिंजऱ्यातून कसा काढलास?"

वृंदाची मान खाली गेली. घाईत तिनं त्याला शेपटीला धरून ओढलं होतं. गजांत नख्या रोवून तो शेवटपर्यंत चिरकत होता.

"मग भीतीनंच त्याच्या यकृतानं होती नव्हती ती साखर रक्तात सोडली, पळता यावं म्हणून," सर म्हणाले. "आपल्यासाठी काय उरणार? बिचाऱ्याचा जीव फुकट गेला."

तेव्हापासून ती दुसऱ्या उंदराला रोज हातावर घ्यायची, पाठ कुरवाळायची, दाणे भरवायची. हळूहळू तो तिची चाहूल लागताच दाराशी यायला लागला, तिच्या ओंजळीत मुटकुळं करून झोपायला लागला.

"आता घाबरत नाही. उद्या घेऊ याला," सर म्हणाले.

सकाळी वृंदानं पिंजऱ्याचं दार उघडलं, पण हात आत घालवेना. उंदीर आपणहून बाहेर आला आणि तिच्या तळहातावर चढला.